तीन मजली घर, केबल नवी, टेस्टरचे आठही दिवे लागतात, तरी दुसऱ्या मजल्यावर इंटरनेटचा वेग ९४ वरच अडकतो

कोयनाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. मी कराडची, पेशाने रेडिओलॉजिस्ट. दिवसा एका सेंटरवर असते आणि आठवड्यातल्या चार रात्री घरून दोन-तीन तालुक्यांच्या रुग्णालयांचे सीटी स्कॅन वाचते. रात्री दीड-दोनला फोन येतो, ‘मॅडम, स्कॅन पाठवलाय, पेशंटची डावी बाजू लुळी पडलीय, बघा जरा.’ मेंदूत रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय, एवढं मी सांगितल्याशिवाय तिकडच्या डॉक्टरांना गुठळी विरघळवणारं औषध देता येत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत ते द्यावं लागतं. त्यातले दोन-अडीच तास गाडी मिळवण्यात आणि रस्त्यात गेलेले असतात. उरलेल्या वेळातली पाच मिनिटं माझ्या घरातल्या केबलमुळे जाऊ नयेत, म्हणून हा प्रश्न विचारते आहे.

घर तीन हप्त्यांत झालंय. तळमजला सासऱ्यांनी १९९४ मध्ये बांधला, पहिला मजला २००५ मध्ये आणि दुसरा आम्ही २०१९ मध्ये. प्रत्येक वेळी गवंडी वेगळा, वायरमन वेगळा. त्यामुळे खालपासून वरपर्यंत सलग गेलेला एकही पाईप घरात नाही. फायबर तळमजल्यावर बाहेरच्या खोलीत येतं, टीव्हीच्या कपाटाशेजारी. माझी अभ्यासाची खोली दुसऱ्या मजल्यावर, बरोबर विरुद्ध कोपऱ्यात. मध्ये दोन स्लॅब. वायफाय वरपर्यंत आलंच तर ६ ते १० एमबीपीएस, आणि पाऊण मिनिटाला एकदा दम तोडतं.

म्हणून दिवाळीच्या आधी ओळखीच्या वायरमनकडून कॅट सिक्स, म्हणजे नेटवर्कची केबल टाकून घेतली. बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून केबल बाहेर काढली, ड्रेनेजच्या पाईपला बांधत बांधत दुसऱ्या मजल्यावर आणली आणि माझ्या खिडकीतून आत घेतली. केबलवर छापलेले मीटरचे आकडे वजा केले तर ३४ मीटर भरते. तशीच एक पहिल्या मजल्यावर, १३ मीटरची.

अडचण अशी आहे. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. वर संगणक लावला की जोडणी १०० चीच दाखवतो आणि स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे जात नाही. सेटिंगमध्ये जाऊन १ जीबीपीएस निवडलं तर जोडणी लागतच नाही, लागली तर दोन मिनिटांत तुटते. ९४ वरसुद्धा मोठा स्कॅन उतरताना मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. पहिल्या मजल्यावर मात्र १ जीबीपीएस दिसतं, पण लेकाच्या व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो.

वायरमन दोनदा येऊन गेला. त्याच्याकडे दोन तुकड्यांचा टेस्टर आहे. एक ते आठ दिवे दोन्हीकडे ओळीने लागतात. तो म्हणतो, ‘मॅडम, वायर ओके आहे, नेटवाल्याला बोलवा.’ नेटवाला म्हणतो, आमच्या डब्यापर्यंत सगळं ठीक आहे.

सीटीतली एक चकती, म्हणजे स्कॅनमधलं एक चित्र, ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची, म्हणजे साधारण अर्धा एमबी. ८०० चकत्यांचा स्कॅन ४०० एमबीचा झाला. ९४ ने तो ३४ सेकंदांत यायला हवा, आणि २९० मिळाले तर ११ सेकंदांत. प्रत्यक्षात परवा रात्री चार मिनिटं लागली. केबल खराब आहे का? ३४ मीटर जास्त होतात का? की सगळं उखडून दुसरं काही करू?

---

रात्रपाळी | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

३४ मीटर काहीच नाही, मर्यादा १०० मीटरची असते. आधी सोप्या गोष्टी तपासा. फायबरच्या डब्याला मागे चार पोर्ट असतील तर ते चारही सारखे असतीलच असं नाही. बऱ्याच डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १ जीबीपीएसचा असतो, बाकीचे १०० चे. लॅपटॉप खाली नेऊन, दुकानातून आणलेल्या तयार छोट्या केबलने प्रत्येक पोर्टला लावून बघा. ती केबलही बदलून बघा.

आणि एक. केबलच्या टोकाला जो पारदर्शक प्लग आहे त्यात रंग कोणत्या क्रमाने बसवलेत ते इथे लिहा. प्लगची खिट्टी खाली, पितळी पट्ट्या वर आणि केबल तुमच्याकडे ठेवून, डावीकडून उजवीकडे. दोन्ही टोकांचे.

---

गच्चीवरून | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

केबलच्या भानगडीत पडूच नका. मेशचे, म्हणजे एकमेकांकडे वायफाय पुढे पाठवणारे तीन डबे आणा, प्रत्येक मजल्यावर एक. आमच्याकडे टू बीएचकेमध्ये झकास चालतंय.

---

कोयनाकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री १०:०५

रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तसं केलं. डब्याचा पहिला आणि दुसरा पोर्ट गिगाबिटचे निघाले, तिसरा, चौथा १०० चे. पण माझी केबल पहिल्याच पोर्टला आहे. खाली लॅपटॉप थेट लावला तर २९१ मिळाले. म्हणजे नेटवाला खरं बोलत होता.

रंग भिंग घेऊन बघितले. दोन्ही टोकांना अगदी सारखे आहेत: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. पहिल्या मजल्याच्या केबलचेही हेच.

गच्चीवरून, मेशचा विचार आधी करून झाला. एका डब्यापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता हवेतूनच असेल तर मधला स्लॅब आणि त्यातलं लोखंड काही जात नाही. जिन्यात ठेवलेल्या डब्यालाच जेमतेम ४० मिळत होते, तर तो पुढे वर काय देणार? डबे केबलने जोडायचे असतील तर मग केबलच धड हवी.

---

जुना जॉइंटर | १६ नोव्हेंबर, पहाटे ५:४५

डॉक्टर, तुमचा रंगांचा क्रम वाचला आणि पुढे काही विचारायची गरज राहिली नाही. केबल तांब्याची आहे का, मार्ग बरोबर आहे का, हे नंतर बघू. आधी चौथी आणि सहावी तार बघा. तुमचा सगळा आजार तिथे आहे.

मी ३४ वर्षं टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. रस्त्यात खड्डा, वर ताडपत्री, आणि मांडीवर दोनशे जोड्यांची केबल उघडलेली. आमच्याकडे तारा कुणी मोजत नसे, जोड्या मोजत. नवीन पोरगा जॉइंटवर बसला की त्याला पहिली ताकीद हीच असायची, की जोडी फोडायची नाही. एका जोडीतली एक तार आणि दुसरीतली एक अशी घेऊन लाईन दिली तर घंटी वाजते, टोन येतो, सगळं ठीक वाटतं. पण चार दिवसांनी तक्रार येते की शेजारच्या दुकानदाराचं बोलणं ऐकू येतंय. आम्ही त्याला स्प्लिट म्हणायचो. तुमच्या घरात तेच झालंय.

हे का होतं ते सांगतो, कारण कळलं की पुन्हा कधी चुकणार नाही. तुमची केबल सोला. आत चार जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून बांधल्यात. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचीच, १८८१ ची. एका तारेतून प्रवाह जातो, दुसरीतून परत येतो. बाहेरून जो गोंगाट येतो, मग तो पंख्याचा असो, मोटारीचा असो की शेजारच्या जोडीचा, तो पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं. दोन्हीवर सारखंच पडलेलं फरकात उरतच नाही. आणखी नीट बघितलंत तर दिसेल की चारही जोड्यांचा पीळ एकसारखा नाही. एकीचा घट्ट, एकीचा सैल. सारखा असता तर शेजारच्या जोड्या सगळ्या वाटेने एकमेकींशी त्याच जागी भिडत राहिल्या असत्या.

आता प्लग. त्यात आठ खण. यंत्र जोड्या मानतं ते असे: १ आणि २, ३ आणि ६, ४ आणि ५, ७ आणि ८. मधलं लक्षात घ्या, ३ ची जोडी ४ शी नाही, ६ शी आहे. लोकांना हे विचित्र वाटतं, पण कारण आमच्याच खात्यातलं आहे. टेलिफोनच्या प्लगमध्ये लाईन अगदी मधल्या दोन खणांत असते. तो रिवाज सांभाळायला ४ आणि ५ वर एक जोडी ठेवली आणि पुढची जोडी तिच्या दोन्ही अंगांना, ३ आणि ६ वर, बसवली.

तुमच्या वायरमनने रंग ओळीने लावले. केशरी जोडी १-२ वर, बरोबर. चॉकलेटी ७-८ वर, बरोबर. पण ३ वर पांढरी-हिरवी आणि ६ वर निळी. म्हणजे यंत्र ज्याला एक जोडी समजतंय त्यातली एक तार हिरव्या पिळातली, दुसरी निळ्या पिळातली. ४-५ चंही तसंच. दोन जोड्या फुटल्या आणि ३४ मीटर एकमेकींच्या कानात ओरडत चालल्यात.

१०० च्या वेगाला फक्त १-२ आणि ३-६ लागतात, तो कसाबसा रडतखडत चालतो. चुका होतात, माल पुन्हा पाठवावा लागतो, म्हणून तुमचा स्कॅन मध्ये थांबतो. गिगाबिटला चारही जोड्या धडधाकट लागतात, म्हणून यंत्रं बोलून बघतात आणि माघार घेऊन १०० वर येतात. पहिल्या मजल्यावर अंतर १३ मीटरच आहे म्हणून गिगाबिट लागतंय, पण आवाज तुटतो तो याच पायी. तीही केबल उघडा.

टेस्टर खोटं बोलत नाही. त्याला एवढंच विचारता येतं की इकडची चौथी तार तिकडे चौथ्याच खणात पोचली का. पोचली, दिवा लागला. ती वाटेत कुणाशी पिळलेली आहे हे दिव्याला कळायला मार्ग नाही. ते मोजणारी यंत्रं येतात, पण महाग असतात आणि घरच्या कामाला लागत नाहीत. डोळे पुरतात. क्रम असा हवा:

पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी.

चौथी आणि सहावी, दोनच तारांची अदलाबदल, दोन्ही टोकांना. जुने प्लग कापून टाका, ते पुन्हा वापरता येत नाहीत. पीळ प्लगच्या तोंडाशी अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका. काही जण सोयीसाठी दोन-दोन इंच सरळ करून घेतात, तिथे पुन्हा तोच रोग. आणि बाहेरचं जाड आवरण प्लगच्या आत जाऊन चिमटलं गेलं पाहिजे, तारांवर ताण येता कामा नये.

वायरमनवर रागावू नका. लाईटच्या कामात दोन्हीकडे रंग जुळला की काम संपतं, तिथे कोण कुणाशी पिळलंय याचा प्रश्नच नसतो. त्याने त्याच्या शिस्तीने बरोबरच केलंय. हे त्याला कुणी दाखवलेलं नाही, एवढंच.

आता ज्या गोष्टीने मला खरी काळजी वाटते ती सांगतो. तुमची केबल घराबाहेरून गेलीय. दोन कारणांनी ती आत घ्या. एक, घरातल्या केबलचं आवरण उन्हाला टिकत नाही, काही वर्षांत तडकतं, मग पावसाचं पाणी आत उतरतं आणि पिळातून खालपर्यंत झिरपत जातं. बाहेरच्या केबलचं काळं पॉलिथिन वेगळं असतं. दोन, एप्रिल-मेमधला वळीव. वीज घरावरच पडायला हवी असं नाही, जवळपास पडली तरी उघड्यावरच्या लांब तारेत झटका उठतो. तळाला फायबरचा डबा, वर तुमचा संगणक, आणि दोन्ही त्या तारेच्या टोकांना. आमच्या खात्यात वळवाच्या दुसऱ्या दिवशी बंद फोनांची यादी पानभर असायची.

आतला मार्ग जिन्यातून काढा. जिन्याच्या कडेने वर जाणारी भिंत बहुधा एकावर एक असते. एक इंची पीव्हीसी पाईप कोपऱ्यातून उभा घ्या. स्लॅबला भोक पाडताना बीम आणि कॉलमच्या वाटेला जाऊ नका. ड्रिलला सळई लागली तर ती कापायची नाही, भोक दोन इंच सरकवायचं. झिरी मारायची नसेल तर वरून पट्टी चालेल, दिसायला थोडी खटकते पण पुढे उघडता येते. लाईटच्या पाईपमध्ये ही केबल कधीही घालू नका, कुणी कितीही म्हणालं की जागा आहे. आवरण कुठे सोललं तर २३० व्होल्ट तुमच्या संगणकात येतील. लाईटच्या वायरींपासून वीतभर लांब ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

पाईपमध्ये एक केबल घालून थांबू नका. दोन घाला आणि सोबत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, दोन्ही टोकांना गाठ मारून. पुढे कधी काही ओढायचं झालं तर त्या दोरीची किंमत कळेल.

शेवटी तांबं. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल कॅट सिक्स म्हणून सर्रास मिळते. एका तारेला ब्लेडने खरवडा. आत पांढरं निघालं तर ती नको. खात्री हवी असेल तर एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा पिळून एकत्र करा आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरने ओहम मोजा. मीटरच्या पिनांचा स्वतःचा आकडा वजा करायला विसरू नका. ३४ मीटरला शुद्ध तांब्याची बारीक तार असेल तर पावणेसहाच्या आसपास, जाड असेल तर साडेचार. साडेसहाच्या वर गेला तर माल संशयास्पद. केबल दोन्हीकडून सोडवूनच मोजा.

---

रात्रपाळी | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

काका, हात जोडले. मी क्रम विचारला खरा, पण मला वाटत होतं एखादी तार तुटकी असेल. दोन शंका. नवीन टाकायचीच आहे तर कॅट सिक्स-ए टाकावी का? आणि वर भिंतीत प्लगच लोंबकळत ठेवायचा की सॉकेट बसवायचा?

---

जुना जॉइंटर | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:००

कॅट सिक्स पुरे. ३४ मीटरला गिगाबिट, अडीच गिगाबिट डोळे मिटून, आणि कॅट सिक्सवर दहा गिगाबिट ५५ मीटरपर्यंत जातं. सिक्स-ए जाड आणि ताठ असते, एक इंची पाईपच्या वळणात ती ओढताना दोन माणसं घामाघूम होतात. घरात त्याचं काय करायचं?

सॉकेटच बसवा. भिंतीतली केबल एकसंध तारेची असते, ती रोज हलवायची नसते, हलवली तर तुटते. कीस्टोन जॅक, म्हणजे भिंतीत बसणारा नेटवर्कचा सॉकेट लावा आणि तिथून संगणकापर्यंत दुकानातली तयार मऊ केबल. जॅकवर अ आणि ब असे दोन रंगक्रम छापलेले असतात. मी वर दिला तो ब. कुठलाही एक धरा, पण घरभर तोच.

---

कोयनाकाठ | २७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

उशिरा लिहिते आहे, पण पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

काका, तुमचं उत्तर आलं त्याच संध्याकाळी वायरमनला फोन केला. त्याला तुमचं लिखाण वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने केबलचा एक तुकडा माझ्यासमोर सोलला, चारही पीळ नखाने मोकळे करून बघितले आणि म्हणाला, ‘मॅडम, मी असे बारा-पंधरा ठिकाणी लावलेत.’ त्याच दिवशी चारही प्लग कापले, नवीन लावले. वरचा संगणक लावल्या लावल्या १ जीबीपीएस. स्पीड टेस्ट २८८. मी खाली जाऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘मग आता रात्री फोनवर ओरडणार नाहीस ना, थांबा थांबा म्हणून?’ मला माहीतच नव्हतं की माझा आवाज तळमजल्यापर्यंत जातो.

मल्टिमीटरवर ४.९ आले, पिनांचे ०.३ वजा. तांबं खरं आहे, जाड तारेचं.

मग गेल्या शनिवार-रविवारी आतला मार्ग काढला. तळमजल्याची भिंत आणि वरच्या मजल्यांच्या भिंती जिन्यापाशी खरोखरच एका रेषेत निघाल्या. पहिल्या स्लॅबला चार इंच आत गेल्यावर सळई लागली. वायरमन म्हणाला जोर लावला तर जाईल. मी भोक सरकवायला लावलं. दोन इंच बाजूला आरपार गेलं. झिरी मारायला सासऱ्यांची तयारी नव्हती, त्यांनी १९९४ मध्ये स्वतः उभं राहून तो गिलावा करून घेतलाय. म्हणून पाईप उघडाच, भिंतीच्या रंगाने रंगवून घेतला. मला तो आवडतो. आतून दोन केबल आणि पिवळी नायलॉनची दोरी. आतल्या मार्गाने अंतर २७ मीटरच भरलं. बाहेरची केबल कालच उतरवली, खिडकीच्या कडेला तीन आठवड्यांतच तिचा रंग उडायला लागला होता.

दुसरी केबल पहिल्या मजल्यावर काढून छताला वायफायचा एक डबा लावला. त्याला वीज केबलमधूनच जाते, वेगळा प्लग लागला नाही. खाली त्यासाठी केबलमधून वीज देणारा छोटा नेटवर्क स्विच, म्हणजे अनेक केबल एकत्र जोडणारा डबा घेतला. डब्याला जास्तीत जास्त १३ वॅट लागतात, स्विच पोर्टमागे १५.४ देतो, म्हणजे जमलं. लेकाचा आवाज आता तुटत नाही.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नव्हती म्हणून लिहिते. घराला इन्व्हर्टर आहे, पण वीज गेली की तो घ्यायच्या क्षणभरात फायबरचा डबा बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि दोन-तीन मिनिटं जायची. डबा आणि स्विच दोन्ही १२ व्होल्टचे आहेत, त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस वेगळा घेतला. घेताना दोन्हींचे अँपिअर बेरीज करून मग घ्या. आमच्याकडे पहिला आणला तो अपुरा पडला, बदलून आणावा लागला.

परवा रात्री १:४० ला पाटण बाजूहून एक स्कॅन आला. ७६० चकत्या. फोन खाली ठेवेपर्यंत सगळ्या समोर होत्या. रक्तस्राव नव्हता. तिकडच्या डॉक्टरांना १:४९ ला तोंडी सांगितलं, लेखी दोन वाजता.

वायरमनने रंगांचा क्रम कागदावर लिहून घेतला आणि प्लास्टिकमध्ये घालून हत्यारांच्या पिशवीला आतून चिकटवलाय. आधीच्या बारा-पंधरा घरांपैकी चार ठिकाणी तो स्वतःहून जाऊन आला. पैसे घेतले नाहीत.

काका, एक शेवटचा प्रश्न. अंगणापलीकडे यजमानांचं जुनं गोदाम आहे, ४५ मीटरवर. तिथे कॅमेरा लावायचा आहे. तिथला वीज मीटर वेगळा आहे. ही उरलेली केबल पाईपमधून जमिनीखालून नेली तर चालेल ना?

---

जुना जॉइंटर | २८ नोव्हेंबर, पहाटे ५:३०

डॉक्टर, पाटणचं वाचलं. दोनदा वाचलं. मंडळींना वाचून दाखवलं.

गोदामाला तांबं नको. अंतर बसतं, पण दोन इमारती, दोन मीटर, दोन अर्थिंग. दोन्ही जमिनींच्या विजेच्या दाबात फरक असतो आणि वीज पडली की तो फरक अचानक वाढतो. तांब्याची तार गेली तर तो फरक तिच्यातूनच वाट काढणार, आणि तिचं एक टोक तुमच्या स्विचला आहे. तिथे फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. तयार टोकांची, आत धातूची तार नसलेली, जमिनीखाली चालणारी ६० मीटरची केबल मागवा, पाईपमधून न्या, उरलेली दोन्हीकडे मोठ्या वेटोळ्यात ठेवा. घट्ट वळण देऊ नका, आणि चालू फायबरच्या टोकात कधी डोळा घालून बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण असतो. कनेक्टर एकाच रंगाचे घ्या, हिरवा निळ्यात घालायचा नाही.

दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्यातला संदेश काचेतल्या प्रकाशात आणि परत बदलणारे डबे लागतील. एकाच काचेतून जाणं-येणं करणारे घ्या. एक ज्या रंगाचा प्रकाश पाठवतो तो दुसरा ऐकतो, दुसऱ्याचा पहिला. त्यामुळे ते जोडीनेच मिळतात, एकावर ए आणि दुसऱ्यावर बी लिहिलेलं असतं. दुकानदार घाईत दोन्ही ए देतो. पिशवीत टाकायच्या आधी बघून घ्या.